कर्करोगाचा अवयवविशिष्ट प्रसार

एका अवयवात उद्भवलेल्या कर्करोगाच्या पेशी रक्त किंवा लसीकेच्या मार्गाने शरीरभर फिरत असल्या, तरी त्या ठरावीक अवयवांतच प्राधान्याने रुजतात आणि तेथे दुय्यम अर्बुदे निर्माण करतात. या घटनेस कर्करोगाचा अवयवविशिष्ट प्रसार असे म्हणतात. कर्करोगाच्या प्रसारास सर्वसाधारणपणे विक्षेपण किंवा मेटास्टॅसिस ही संज्ञा वापरली जाते. स्तनाचा कर्करोग हाडे, फुप्फुस, यकृत व मेंदू येथे, पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग मुख्यतः हाडांत, तर मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरण्याची प्रवृत्ती दिसते. याउलट प्लीहा व कंकाल स्नायू यांना भरपूर रक्तपुरवठा असूनही त्यांत दुय्यम अर्बुदे क्वचितच आढळतात.

या निवडीमागे रक्तप्रवाहाची दिशा हे एक कारण आहे. दुसरे कारण अवयवांतून स्रवणारे रासायनिक संदेश आणि ते ओळखणारे कर्कपेशींच्या पृष्ठभागावरील ग्राही हे आहे. केमोकाइन, वृद्धिघटक, आसंजक प्रथिने व पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पुटिका हे या संदेशवहनाचे प्रमुख घटक मानले जातात. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू मूळ गाठीमुळे नव्हे तर प्रसारामुळे होतात. त्यामुळे हा विषय कर्करोग संशोधनात मध्यवर्ती ठरला आहे. महाराष्ट्रात मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, त्याची खारघर येथील संशोधन संस्था आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र येथे या विषयावर काम झाले आहे.

इतिहास

ब्रिटिश शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदन नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुय्यम अर्बुदांचे वाटप केवळ योगायोगाने झालेले नाही, असे त्यांना आढळले. यकृत वारंवार बाधित होत होते, परंतु प्लीहा क्वचितच. झाडाचे बी सर्व दिशांना वाहून जात असले तरी योग्य जमिनीतच रुजते, या दाखल्याने त्यांनी आपले मत मांडले. हा विचार 'बीज आणि माती' सिद्धांत म्हणून ओळखला जातो. यात कर्कपेशी हे बीज आणि तिला पोषक ठरणारा अवयव ही माती होय.

अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग यांनी १९२८ मध्ये याच्या विरुद्ध मत मांडले. प्रसाराची दिशा रक्तवाहिन्यांच्या रचनेवरूनच ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आतड्याचे रक्त प्रतिहारी शिरेतून प्रथम यकृतात जाते, म्हणून आतड्याचा कर्करोग यकृतात पसरतो, हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी मणक्यांभोवतीच्या झडपरहित शिराजालाचे वर्णन केले. त्यामुळे पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग कण्याच्या मणक्यांत का आढळतो, याचे रचनात्मक स्पष्टीकरण मिळाले.

पुढील अनेक दशके रचनात्मक सिद्धांताचा प्रभाव राहिला. इसाया फिडलर यांच्या प्रयोगांनी १९७० च्या दशकात या वादास नवे वळण दिले. किरणोत्सर्गी खुणा केलेल्या कर्कपेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या असता ०.०१ टक्क्यांहूनही कमी पेशी दुय्यम अर्बुद निर्माण करू शकल्या. म्हणजे रक्तात उतरणे पुरेसे नव्हते. पुढील टप्पे पार करणे अत्यंत कठीण होते. १९८० मध्ये इयन हार्ट व फिडलर यांनी उंदरांच्या शरीरात वेगवेगळ्या अवयवांच्या ऊतींचे तुकडे रोपून मग मेलॅनोमाच्या पेशी सोडल्या. रोपलेल्या फुप्फुसाच्या व अंडाशयाच्या ऊतींत अर्बुदे वाढली, परंतु मूत्रपिंडाच्या ऊतीत वाढली नाहीत. या प्रयोगाने पॅजेट यांच्या मताचे पुनरुज्जीवन झाले.

मानवातील पुरावा १९८४ मध्ये डेव्हिड टॅरिन व सहकाऱ्यांच्या अभ्यासातून मिळाला. कर्करोगामुळे पोटात पाणी साठलेल्या काही रुग्णांना त्रास कमी व्हावा म्हणून ते पाणी नळीद्वारे मानेतील शिरेत सोडले जात असे. त्यासोबत असंख्य कर्कपेशी थेट रक्तात जात, तरीही अनेक रुग्णांच्या फुप्फुसांत दुय्यम अर्बुदे झाली नाहीत.

आज हे दोन्ही सिद्धांत परस्परपूरक मानले जातात. रक्तप्रवाह पेशीला कोणत्या अवयवात आधी पोहोचवतो हे रचना ठरवते. तेथे ती थांबेल, भिंत ओलांडेल व वाढेल की नाही, हे मुख्यतः रासायनिक संदेश ठरवतात.

प्रसाराचे टप्पे

मूळ गाठीतील पेशीला दुय्यम अर्बुद होण्यासाठी पुढील टप्पे पार करावे लागतात :

१. शेजारच्या पेशींपासून सुटणे व भोवतालचे आधारद्रव्य विरघळवून पुढे सरकणे.
२. रक्तवाहिनी किंवा लसीकावाहिनीत शिरणे.
३. प्रवाहाचा दाब व प्रतिकारक पेशींचे हल्ले यांतून तग धरणे.
४. दूरच्या अवयवातील केशवाहिनीत अडकणे किंवा तिच्या अस्तराला चिकटणे.
५. वाहिनीची भिंत ओलांडून ऊतीत उतरणे.
६. नव्या परिसराशी जुळवून घेऊन वाढणे.

अवयवाची निवड मुख्यतः शेवटच्या तीन टप्प्यांत होते. सहावा टप्पा सर्वांत अवघड असतो. नव्या ऊतीत पोहोचलेल्या बहुतेक पेशी मरतात आणि काही वर्षानुवर्षे सुप्त राहतात. स्तनाच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत शस्त्रक्रियेनंतर दहा-पंधरा वर्षांनीही रोग उलटतो, त्याचे कारण या सुप्त पेशी होत.

केमोकाइनांची भूमिका

केमोकाइन ही पेशींना दिशा दाखवणारी लहान प्रथिने आहेत. मानवी शरीरात सुमारे ५० केमोकाइन व त्यांचे सुमारे २० ग्राही आहेत. संसर्ग झालेल्या जागी पांढऱ्या रक्तपेशींना बोलावणे हे त्यांचे मूळ कार्य होय. स्रोताजवळ केमोकाइनाचे प्रमाण जास्त व दूर कमी असा उतार निर्माण होतो. पेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राहींच्या साहाय्याने हा उतार ओळखते, ज्या बाजूला संदेश तीव्र असेल त्या बाजूला ॲक्टिन तंतूंची बांधणी करून पुढे पाय काढते आणि मागचा भाग ओढून घेते. या हालचालीस रसायनानुचलन म्हणतात.

कर्कपेशी हीच यंत्रणा वापरतात, हे २००१ मध्ये अँजा म्यूलर, अल्बर्ट झ्लॉटनिक व सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले. स्तनाच्या कर्कपेशींवर सीएक्ससीआर४ व सीसीआर७ हे ग्राही मोठ्या प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. सीएक्ससीआर४ ला जोडणारे केमोकाइन सीएक्ससीएल१२ हे फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा व लसीका ग्रंथी येथे विपुल असते. स्तनाचा कर्करोग प्रामुख्याने याच ठिकाणी पसरतो. उंदरांमध्ये सीएक्ससीआर४ ला रोखणारे प्रतिपिंड दिल्यावर फुप्फुस व लसीका ग्रंथींतील प्रसार घटला.

सीसीआर७ चा संबंध लसीका ग्रंथींशी आहे. या ग्रंथींतून स्रवणारे सीसीएल२१ हे केमोकाइन निरोगी अवस्थेत प्रतिकारक पेशींना ग्रंथींकडे बोलावते. ज्या कर्कपेशींवर सीसीआर७ असतो त्याही याच संदेशाला प्रतिसाद देतात. मेलॅनोमाच्या पेशींवरील सीसीआर१० हा त्वचेतील सीसीएल२७ ला, तर सीसीआर९ हा लहान आतड्यातील सीसीएल२५ ला प्रतिसाद देतो. मेलॅनोमा अन्यथा क्वचित बाधित होणाऱ्या लहान आतड्यात का पसरतो, याचा उलगडा त्यावरून काही अंशी होतो.

पूर्वतयार परिसर

मूळ गाठ दूरच्या अवयवाला कर्कपेशी पोहोचण्यापूर्वीच बदलू शकते, असे २००५ मध्ये डेव्हिड लायडन यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. गाठीतून स्रवलेल्या घटकांमुळे अस्थिमज्जेतील काही पेशी निघून भावी लक्ष्य अवयवात जमतात आणि तेथील आधारद्रव्य चिकटण्यास अनुकूल करतात. अशा जागेस प्रसारपूर्व परिसर म्हणतात.

या बदलांत एक्झोसोम या अतिसूक्ष्म पुटिकांचा वाटा मोठा आहे. कर्कपेशी त्या रक्तात सोडतात व त्यांच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन प्रथिनांवरून त्या कोणत्या अवयवात शोषल्या जातील हे ठरते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार अल्फा-६ बीटा-४ व अल्फा-६ बीटा-१ इंटिग्रिन असलेले एक्झोसोम फुप्फुसात, तर अल्फा-व्ही बीटा-५ असलेले यकृतात जातात. एका प्रकारच्या एक्झोसोमने उंदराचे फुप्फुस आधी तयार केल्यावर, एरवी हाडांत जाणाऱ्या कर्कपेशीही फुप्फुसात वाढल्या.

अवयवनिहाय यंत्रणा

हाडे : हाडांतील प्रसार हे 'दुष्टचक्रा'चे उदाहरण आहे. स्तनाच्या कर्कपेशी पॅराथायरॉइड संप्रेरकसदृश प्रथिन स्रवतात. त्यामुळे अस्थिजनक पेशी रँक लायगंड हा रेणू अधिक तयार करतात व तो अस्थिभक्षक पेशींना चालना देतो. हाड झिजू लागले की त्यात साठलेला टीजीएफ-बीटा हा वृद्धिघटक मोकळा होतो आणि कर्कपेशींना आणखी प्रथिन स्रवण्यास उद्युक्त करतो. परिणामी हाड पोखरले जाते व वेदना, अस्थिभंग आणि रक्तातील कॅल्शियमवाढ उद्भवते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात एंडोथेलिन-१ यांसारख्या घटकांमुळे याउलट दोषयुक्त नवे हाड बनण्याचे प्रमाण अधिक असते.

फुप्फुस : हृदयाच्या उजव्या भागातून येणारे सर्व रक्त फुप्फुसातील बारीक केशवाहिन्यांतून जाते, म्हणून येथे पेशी अडकण्याची शक्यता मोठी असते. २००५ मध्ये जोन मासागे यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या फुप्फुसातील प्रसाराशी निगडित जनुकांचा संच ओळखला. हा संच हाडांतील प्रसाराशी निगडित जनुकांहून वेगळा होता.

यकृत : यकृतातील केशवाहिन्यांचे अस्तर सच्छिद्र असल्याने पेशींना बाहेर पडणे सोपे जाते. डोळ्यातील मेलॅनोमा मात्र प्रतिहारी शिरेशी संबंध नसतानाही बहुतांश वेळा यकृतातच पसरतो. केवळ रचनेने हे स्पष्ट करता येत नाही.

मेंदू : मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा अडसर भेदणे कठीण असते. स्तनाच्या कर्करोगाचे एचईआर२ सकारात्मक व तिहेरी नकारात्मक प्रकार मेंदूत अधिक प्रमाणात जातात. २००९ मधील संशोधनात कॉक्स-२ हे विकर आणि पेशीपृष्ठावरील शर्करा बदलणारे एक विकर यांचा या अडसर भेदण्यात सहभाग आढळला.

वपाजाल : अंडाशयाचा कर्करोग उदरातील वपाजाल या मेदयुक्त पडद्यावर पसरतो. तेथील मेदपेशी इंटरल्यूकिन-८ सारखे संदेश सोडून कर्कपेशींना आकर्षित करतात व त्यांना ऊर्जेसाठी मेद पुरवतात.

महाराष्ट्रातील संशोधन

मुंबईत परळ येथे १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली व विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. पुण्यात जन्मलेल्या जीवशास्त्रज्ञ कमल रणदिवे यांनी याच केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पेशींचे स्थलांतर प्रयोगशाळेत अभ्यासण्यासाठी असे संवर्धन ही मूलभूत गरज असते. हे केंद्र पुढे टाटा स्मारक केंद्रात विलीन झाले व त्याचे काम खारघर येथील कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण केंद्रात, म्हणजे ॲक्ट्रेकमध्ये, विस्तारले.

अवयवविशिष्ट प्रसारावरील थेट संशोधन ॲक्ट्रेकमध्ये राजीव कलरैया व सहकाऱ्यांनी केले. उंदरांच्या फुप्फुसात वारंवार रुजणाऱ्या बी१६ मेलॅनोमाच्या पेशींवर लांब शर्करासाखळ्या असतात. या साखळ्यांना ओळखणारे गॅलेक्टिन-३ हे प्रथिन फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आढळते. या दोहोंच्या जोडणीमुळे पेशी फुप्फुसात अडकतात, असे या गटाने २००५ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून मांडले. पुढील अभ्यासांत पेशीच्या आतील लायसोसोमचे लॅम्प१ हे प्रथिन पृष्ठभागावर येऊन या साखळ्या मिरवते, असे दिसून आले.

पुण्यातील गणेशखिंड येथे विद्यापीठाच्या आवारात असलेले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र हे देशातील पेशीवंशांचे राष्ट्रीय भांडार आहे. तेथे गोपाल कुंडू व सहकाऱ्यांनी ऑस्टिओपॉन्टिन या प्रथिनाचा सविस्तर अभ्यास केला. केमोकाइनाप्रमाणे वागणारे हे प्रथिन हाडांत विपुल असते आणि अनेक अर्बुदांतूनही स्रवते. ते कर्कपेशींवरील इंटिग्रिनांना जोडले जाऊन एनएफ-कप्पा-बी हा नियंत्रक घटक जागृत करते. त्यामुळे आधारद्रव्य विरघळवणारी विकरे क्रियाशील होतात व पेशी पुढे सरकतात, असे या गटाने मेलॅनोमाच्या पेशींत दाखवले. हे प्रथिन नव्या रक्तवाहिन्यांच्या निर्मितीस व अर्बुदातील भक्षक पेशींच्या वर्तनातील बदलास कारणीभूत ठरते, असेही नंतरच्या अभ्यासांत आढळले. कुंडू यांना २००४ मध्ये जीवशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

याच गटाच्या २००३ मधील निबंधात हळदीतील कर्क्युमिन ऑस्टिओपॉन्टिनची ही संदेशमालिका दाबते, असे नमूद आहे. हा प्रयोगशाळेतील पेशींवरचा निष्कर्ष होय. आहारातील हळदीतून रक्तात जाणारे कर्क्युमिन अत्यल्प असते. त्यामुळे हळद खाल्ल्याने मानवातील प्रसार थांबतो असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

रुग्णोपचारावरील परिणाम

महाराष्ट्रात तंबाखूसेवनामुळे तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळतो. तो प्रथम मानेतील लसीका ग्रंथींत पसरतो. ग्रंथी हाताला लागत नसतानाच मूळ गाठीसोबत काढाव्यात की त्या वाढल्यावर काढाव्यात, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. टाटा स्मारक केंद्रातील अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या ५०० रुग्णांचे विश्लेषण करण्यात आले. ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८०.० टक्के, तर वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के होते. त्यावरून लसीका ग्रंथींतील अदृश्य प्रसार किती निर्णायक असतो हे स्पष्ट झाले.

राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील दुसऱ्या चाचणीत, स्तनाचा कर्करोग निदानाच्या वेळीच दूरच्या अवयवांत पसरलेल्या ३५० स्त्रियांचा समावेश होता. मूळ गाठ काढल्याने त्यांच्या आयुर्मानात वाढ झाली नाही. प्रसार झाल्यानंतर रोगाची दिशा दूरच्या अवयवांतील पेशी ठरवतात, या समजाशी हा निष्कर्ष सुसंगत आहे.

त्याच केंद्राच्या पुढाकाराने देशातील ११ केंद्रांवर झालेल्या आणखी एका चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे स्थानिक बधिरक टोचण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण बधिरक दिलेल्या गटात ९०.१ टक्के, तर न दिलेल्या गटात ८६.४ टक्के होते. शस्त्रक्रियेच्या आघाताने मिळणारे संदेश पेशीपटलातील सोडियम वाहिन्या बंद केल्याने रोखले जात असावेत, असे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण दिले जाते.

संदेशवहनावर बेतलेली औषधे

हाडांतील दुष्टचक्र तोडणारी औषधे सर्वाधिक वापरात आहेत. डेनोसुमॅब हे प्रतिपिंड रँक लायगंडला रोखते, तर झोलेड्रोनिक आम्ल अस्थिभक्षक पेशींना निष्प्रभ करते. दोन्हींमुळे अस्थिभंग व तत्सम गुंतागुंत कमी होते. मात्र जबड्याच्या हाडाचा ऱ्हास हा त्यांचा एक दुष्परिणाम असल्याने उपचारापूर्वी दातांची तपासणी आवश्यक ठरते.

सीएक्ससीआर४ ला रोखणारे प्लेरिक्साफोर हे औषध मुळात एचआयव्हीवरील संशोधनातून पुढे आले, कारण हा विषाणू पेशीत शिरताना याच ग्राहीचा उपयोग करतो. सध्या ते अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्तात आणण्यासाठी वापरले जाते. प्रसार रोखण्यासाठी केमोकाइनविरोधी औषधे अद्याप प्रस्थापित उपचार झालेली नाहीत. त्याची तीन प्रमुख कारणे आहेत. एक, हेच संदेश रोगप्रतिकारासाठी व रक्तनिर्मितीसाठी आवश्यक असतात. दोन, एक ग्राही बंद केला तरी पेशी दुसऱ्या ग्राहीचा आधार घेऊ शकते. तीन, निदान होईपर्यंत अनेकदा पेशी दूरच्या अवयवांत पोहोचलेल्या असतात, म्हणून त्यांचा प्रवास थांबवण्यापेक्षा त्यांची वाढ थांबवणे अधिक महत्त्वाचे ठरते.

गैरसमज

स्तनाचा कर्करोग यकृतात पसरला म्हणजे रुग्णास यकृताचा वेगळा कर्करोग झाला, असा समज आढळतो. प्रत्यक्षात दुय्यम अर्बुदातील पेशी स्तनाच्याच असतात व उपचारही मूळ कर्करोगानुसार ठरतात. म्हणूनच दुय्यम गाठीचा तुकडा तपासून तिचा उगम निश्चित केला जातो.

सुई लावली की कर्करोग पसरतो, या समजुतीमुळे अनेक रुग्ण तपासणी टाळतात. सुईच्या मार्गात पेशी रुजण्याच्या घटना काही विशिष्ट अर्बुदांत नोंदल्या गेल्या असल्या, तरी त्या विरळ असतात व अशा अर्बुदांत डॉक्टर तपासणीची पद्धत त्यानुसार निवडतात. दूरच्या अवयवातील प्रसारासाठी वर वर्णिलेले सर्व टप्पे पार व्हावे लागतात. तपासणी लांबणीवर टाकल्याने मात्र त्या टप्प्यांसाठी कर्कपेशींना अधिक वेळ मिळतो.

हे सुद्धा पहा

कर्करोग
लसीका संस्था
केमोकाइन
टाटा स्मारक रुग्णालय
राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र
कमल रणदिवे